तांबड्या मण्यांचा दोष कोणाला?

वाचकहो, काम बिघडले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘कसे बिघडले?’ हा नव्हे, ‘कोणी बिघडवले?’ हा. घरात दूध उतू गेले तरी हाच, आणि लाख माणसांच्या कंपनीत काम रखडले तरी हाच. ‘कसे’ याचे उत्तर शोधायला वेळ लागतो, डोके शिणवावे लागते. ‘कोणी’ याला एक नाव पुरते. नाव सापडले की मन निवते, आणि बिघाड जिथे होता तिथेच राहतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

अनेक हातांनी मिळून केलेल्या कामात दोष कोणाचा, या प्रश्नाचा आज विचार करायचा आहे. त्यासाठी क्षेत्र निवडले आहे ते संगणकाच्या सॉफ्टवेअरचे. कोणी म्हणेल, या मासिकात हे कशाला? त्याचे कारण उघड आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, सुना, नातवंडे हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्याला याच कामावर जातात. घरात फोनवर बोलताना ‘स्प्रिंट’, ‘स्क्रम’, ‘ॲजाइल’ हे शब्द आपल्या कानावर पडतात. मी ते नातवाकडून ऐकले आणि त्याच्याकडूनच पुस्तके मागवून समजून घेतले. यंत्राचे तंत्र मला येत नाही. पण पुष्कळ माणसांनी मिळून एक काम कसे करावे आणि ते चुकले तर बोल कोणाला लावावा, हा प्रश्न यंत्राचा नाही, माणसाचा आहे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. ॲजाइल म्हणजे चपळ, वळणारे. पूर्वी सॉफ्टवेअर करण्याची रीत अशी होती : आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग बांधणी, मग तपासणी, आणि दोन-तीन वर्षांनी वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडते, मागे फिरत नाही, म्हणून या रीतीला वॉटरफॉल, म्हणजे धबधबा, असे नाव पडले. गंमत अशी की विन्स्टन रॉयस यांनी 1970 मध्ये अशा पायऱ्यांचे चित्र छापले, तेव्हाच त्यांनी बजावले होते की ही सरळ उतरती वाट धोक्याची आहे. लोकांनी चित्र उचलले आणि इशारा तिथेच ठेवला.

पुढे फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या डोंगरी ठिकाणी या धंद्यातले 17 जाणते लोक जमले. त्यांनी चार मूल्ये मांडली आणि त्यांना बारा तत्त्वांची जोड दिली. सार असे : माणसे आणि त्यांचे आपसातले बोलणे यांना आधी मान द्या, कागदांच्या चळतीपेक्षा चालती वस्तू दाखवा, करारावर भांडत बसण्यापेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घ्या, आणि परिस्थिती पालटली तर ठरलेल्या बेताला चिकटून न बसता वळा. त्यातून छोट्या तुकड्यांनी, दोन-दोन आठवड्यांत, थोडे करून दाखवायचे, चुकले ते लगेच सुधारायचे, ही रीत रूढ झाली. दहा माणसांच्या तुकडीला ती फळली. मग हजारो माणसांच्या बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती म्हणू लागली, आम्हीही चपळ होणार. घोडे पेंड खाते ते इथे.

नातवाने सांगितलेले त्याच्या कामाचे वर्णन ऐका. सकाळी दहाला उभ्याने पंधरा मिनिटांची सभा. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. दोन आठवड्यांत काम तयार. मग सुरक्षा समितीच्या मान्यतेसाठी तीन आठवडे थांबायचे. मग दुसऱ्या विभागाकडून एक जोडणी हवी. त्यांचे काम वेगळ्या क्रमाने चाललेले, म्हणून आणखी महिना. सगळे जुळले तरी गिऱ्हाइकाला वस्तू द्यायची तारीख तिमाहीतून एकच. पैसा कशावर खर्चायचा हे वर्षाच्या आरंभीच ठरलेले, आणि वर्षाअखेर तुकडीला नव्हे तर एकेका माणसाला गुण. तो म्हणाला, “आजोबा, आम्ही दोन आठवडे धावतो आणि तीन महिने रांगेत उभे राहतो.” वर्षाअखेर त्याला सांगण्यात आले की तुझा वेग कमी पडतो.

हा वेग कोणाचा कमी पडला? धावणाऱ्याचा, की रांगेचा?

आपल्याकडे न्यायशास्त्रात अवयव आणि अवयवी असा विचार आहे. अवयव म्हणजे भाग, अवयवी म्हणजे त्या भागांचे मिळून झालेले पूर्ण. नैयायिक म्हणतात, अवयवी हा नुसता अवयवांचा ढीग नव्हे, ती वेगळी वस्तू आहे. सूत म्हणजे कापड नव्हे. कापडाने थंडी वारते, सुताच्या गुंड्यांनी वारत नाही. अमेरिकेत रसेल ॲकॉफ नावाचे विचारवंत होऊन गेले, त्यांचा दृष्टांत याच जातीचा आहे. ते सांगत, जगातल्या सगळ्या मोटारी गोळा करा. एकीचे उत्तम इंजिन घ्या, दुसरीचे उत्तम ब्रेक घ्या, तिसरीची उत्तम चाके घ्या, आणि हे सारे उत्तम भाग जोडायला बसा. उत्तम मोटार तर सोडाच, मोटारच होणार नाही, कारण भाग एकमेकांत बसणारच नाहीत. पूर्णाचा गुण भागांत नसतो, भागांच्या परस्परसंबंधांत असतो. अशा नजरेने पाहण्याला इंग्रजीत सिस्टिम्स थिंकिंग म्हणतात. आपण तिला समग्रदृष्टी म्हणू.

समग्रदृष्टीने पाहिले की नातवाच्या कंपनीचे कोडे उलगडते. एलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 च्या ‘द गोल’ या पुस्तकात कारखान्याच्या गोष्टीतून दाखवले आहे की साखळीत एक अरुंद जागा असते, आणि सगळ्या कामाचा वेग त्या जागेने ठरतो. घाटात एका वळणावर एकच गाडी जाऊ शकत असेल, तर मागच्या गाड्यांना जोरदार इंजिने बसवून काय होणार? गर्दी तेवढी लवकर जमेल. कंपनीची अरुंद जागा मान्यतेच्या टेबलावर होती, आणि शिकवणी मात्र धावणाऱ्यांना चालली होती.

मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्ये याहून खोल गोष्ट सांगितली. संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच घडण त्यांनी केलेल्या वस्तूला येते. ज्या दोन खात्यांत बोलणे नाही, त्यांच्या कामाच्या सांध्यावर वस्तू फुटते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? तळाच्या तुकडीला चपळाईचे धडे द्यायचे आणि वरच्या खात्यांतला अबोला तसाच ठेवायचा, तर फुटणारी वस्तू फुटतच राहते. फक्त आता ती दर दोन आठवड्यांनी फुटते.

आता मण्यांचा दृष्टांत ऐका. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ. 1950 साली जपानमध्ये त्यांनी कारखानदारांना व्याख्याने दिली, आणि 1951 पासून जपानी लोक त्यांच्या नावाने गुणवत्तेचे पारितोषिक देत आहेत. आपल्या शिबिरांत ते एक खेळ मांडत. एका डब्यात 4000 मणी. त्यांतले 3200 पांढरे, 800 तांबडे. सहा जणांना कामगार म्हणून उभे करायचे. प्रत्येकाच्या हाती 50 खळग्यांची एक फळी. ती डब्यात बुडवून 50 मणी काढायचे. गिऱ्हाइकाला पांढरेच मणी हवे आहेत, तांबडा मणी म्हणजे सदोष माल. फळी कशी बुडवायची, किती तिरपी धरायची, हे सगळे ठरवून दिलेले. डेमिंग स्वतः मुकादम होत. ज्याचे तांबडे कमी त्याची पाठ थोपटत, ज्याचे जास्त त्याला तंबी देत. घोषणा लावत. शेवटी वाईट ठरलेल्या तिघांना घरी पाठवत आणि चांगल्या तिघांकडून दुप्पट काम घेत. तांबडे मणी येतच राहत, सरासरी दहाच्या आसपास. येणारच. डब्यात पाचातला एक मणी तांबडा आहे, आणि डबा कामगाराने भरलेला नाही.

सभागृह हसत असे. पण हसण्यासारखे त्यात फार थोडे आहे. ज्याला तंबी मिळाली तो रात्री घरी जाऊन म्हणतो, मी कमी पडलो. जेवणावरचे मन उडते. हा त्याच्यावर अन्याय तर आहेच, पण त्याहून मूलभूत गोष्ट अशी की हे असत्य आहे. जे त्याने केले नाही ते त्याने केले असे ठरवले गेले, आणि त्याने ते खरे मानले. आणि ज्याची पाठ थोपटली त्याचे काय? त्याचेही नुकसान झाले. फळीत योगायोगाने सहाच तांबडे आले, त्याला तो आपले कर्तृत्व समजू लागला. उद्या तेरा आले की तोही खचणार. एकाच डब्यातून एकाला खोटी लाज आणि दुसऱ्याला खोटा अहंकार मिळाला. दोघांनाही डब्यात पाहायची बुद्धी झाली नाही, कारण दोघेही आपापल्या फळीकडेच पाहत होते.

कोणी म्हणेल, खेळातल्या मण्यांना कर्तृत्व नसते, खऱ्या माणसांना असते. कामचुकार माणसे जगात नाहीत काय? ही शंका योग्य आहे. तिला उत्तर म्हणून एक घडलेली हकिकत सांगतो. कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी इतकी की पाचातला एक कामावर नसे. भांडणे, संप, कामावर दारू, अशी त्याची ख्याती. 1982 मध्ये तो बंद केला. मग जपानच्या टोयोटा कंपनीशी भागी करून 1984 मध्ये तोच कारखाना ‘नम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, संघटनाही तीच. त्यांतल्या शेकडो जणांना शिकण्यासाठी जपानला पाठवले. थोड्याच काळात गैरहजेरी शेकडा दोनच्या आसपास आली आणि गाड्यांची गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या जवळ पोचली. माणसे तीच होती. मग बदलले काय?

बदलले ते एका दोरीच्या रूपाने दिसत असे. साकिची टोयोडा हे मूळचे मागवाले. धागा तुटला की आपोआप थांबेल असा माग त्यांनी घडवला, कारण तुटल्या धाग्याने पुढे विणलेले सगळे वाया जाते. तीच बुद्धी पुढे मोटारींच्या कारखान्यात आली. कामाच्या रांगेवर एक दोरी बांधलेली असते. कोणाही कामगाराला दोष दिसला की त्याने ती ओढायची. मुकादम धावत येतो आणि विचारतो, काय अडले? दोष तिथल्या तिथे निस्तरला नाही तर रांग थांबते. जुन्या कारखान्यात रांग थांबवणे हा सर्वांत मोठा गुन्हा होता. चुकलेली गाडी तशीच पुढे ढकलायची, नंतर कोणीतरी दुरुस्त करील. नव्या रीतीत दोष लपवणे हीच चूक ठरली.

जनरल मोटर्सने हीच रीत आपल्या दुसऱ्या कारखान्यांत नेण्याचा यत्न केला. दोरी टांगता आली. पण व्यवस्थापकांचे मोल पूर्वीसारखेच किती गाड्या बाहेर पडल्या यावर ठरत होते. मग दोरी ओढणाऱ्याकडे कोण प्रेमाने पाहणार? दोरी लोंबत राहिली. मोठ्या कंपन्यांत ॲजाइलचे जे होते ते थेट हेच. सकाळची सभा ही दोरीच आहे; ‘माझे काम इथे अडले आहे’ असे चारचौघांत म्हणता यावे म्हणून ती असते. पण अडले म्हणणाऱ्याची वहीत नोंद होऊन वर्षाअखेर गुण कापले जाणार असतील, तर सगळे रोज ‘ठीक चालले आहे’ म्हणतील, आणि पंधरा मिनिटे उभे राहून जागेवर जातील. क्रिया झाली, तिचा प्राण गेला. सभा बंद करा असे मी म्हणत नाही. टाळ हातात घेतल्याशिवाय ताल येत नाही हे मला ठाऊक आहे. पण मृदंगाची लय घसरली असेल तर मागचे वीस टाळकरी चुकणार. त्यांतला एक बाजूला काढून दुसरा उभा केला तर तोही चुकणार.

आता खरी अवघड शंका. दोष व्यवस्थेचा म्हटला, तर मग कोणीच दोषी नाही काय? आपल्याकडे ‘सिस्टिमच अशी आहे’ हे वाक्य रोज ऐकू येते, आणि ते म्हणणारा खांदे उडवून मोकळा होतो. समग्रदृष्टीचे फळ हेच असेल तर ती नसलेली बरी.

समाधान असे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे ज्या जागी कर्म घडते ती जागा, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. या पाचांतून कर्म घडत असता जो एकट्या कर्त्याकडे बोट दाखवतो, त्याला नीट दिसत नाही, असा तिथला अभिप्राय आहे. पण या पाचांत कर्ता आहेच. तो वगळलेला नाही. ज्याला जितके बदलता येते, तितके त्याच्याकडे येते. आता पाहा, मण्यांच्या खेळात फळी कामगाराच्या हाती आहे. पण डबा कोणी भरला, नियम कोणी केले, फळी कोणी घडवली? ही अधिष्ठाने आणि साधने कोणाच्या तरी निर्णयाने आली आहेत. व्यवस्था आकाशातून पडत नाही. ती जुन्या निर्णयांचा साठा असते, आणि प्रत्येक निर्णयाला कोणी तरी सही केलेली असते. डेमिंग यांचा आपल्या अनुभवावरचा अंदाज असा की अडचणींतल्या शंभरातल्या 94 व्यवस्थेच्या असतात, आणि व्यवस्था बदलणे हे वरच्यांचे काम आहे. म्हणजे समग्रदृष्टीने दोष पुसला जात नाही. तो खालच्या पाटावरून उचलून वरच्या पाटावर, जिथे बदलण्याची सत्ता आहे तिथे, मांडला जातो. वरच्यांना ती नकोशी वाटते याचे कारण हेच. चिठ्ठ्या चिकटवायला खालची माणसे पुरतात. डबा बदलायला वरच्याला स्वतःचा निर्णय मोडावा लागतो.

तो मोडता येतो, याचेही उदाहरण आहे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास खात्याला कागदी फायलींऐवजी संगणकावर काम न्यायचे होते. पहिला यत्न सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून 2005 मध्ये सोडून द्यावा लागला. दुसरा यत्न ‘सेंटिनेल’ नावाने 2006 मध्ये सुरू झाला. चार टप्पे, ठेकेदारामार्फत. 2010 च्या उन्हाळ्यापर्यंत 45.1 कोटींच्या मंजुरीतले 40 कोटींहून अधिक डॉलर संपले आणि चारांतले दोनच टप्पे हाती आले. तेव्हा खात्याने जुना बेत थांबवला आणि काम स्वतःच्या हाती घेतले. कामावरची माणसे कमी केली आणि दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांनी बांधणी चालवली. इथे तळाच्या लोकांना फक्त नवे शब्द शिकवले नाहीत, ठेका कसा द्यायचा आणि निर्णय कोणी घ्यायचा हेच वरून बदलले.

तरीही गोष्ट सरळ संपली नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये खऱ्या वापरणाऱ्यांना बसवून परीक्षा घेतली, तेव्हा यंत्रणा बंद पडली. जुन्या संगणकयंत्रांना तो भार पेलेना. अवयव सुधारला होता, अवयवी राहिला होता. खात्याने तारीख पुढे ढकलली, नवी यंत्रे घेतली, आणि जुलै 2012 मध्ये सगळ्या खात्यासाठी ती यंत्रणा सुरू झाली, ठरलेल्या रकमेच्या आत. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती बंद पडलेली परीक्षा. कोणीतरी दोरी ओढू दिली. ‘परीक्षा उरकली, ठीक आहे’ असे लिहून पुढे गेले असते, तर तोच बोजा देशभरच्या कचेऱ्यांत एकदम कोसळला असता.

राहिला प्रश्न खालच्या माणसाचा. व्यवस्था त्याच्या हाती नाही, मग त्याच्याकडे काय उरते? उरते ते सत्य बोलणे. तांबडे मणी कमी काढणे त्याच्या हाती नाही, पण ‘डब्यात तांबडे मणी आहेत’ हे म्हणणे त्याच्या हाती आहे. हे सोपे नाही. घरावर कर्ज असते, लेकरे शिकत असतात. म्हणूनच त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करण्याआधी वरच्याकडून अभयाची अपेक्षा करावी लागते. भरोसा आधी बलवानाने द्यायचा असतो. दोरी ओढणाऱ्याला जो अधिकारी सर्वांसमक्ष ‘बरे केलेस’ म्हणतो, त्याने शंभर शिबिरांचे काम एका वाक्यात केले.

वाचकहो, तुमच्यापैकी जे अशा जागी बसले आहेत की ज्यांच्या सहीने रांग लांबते किंवा आखडते, त्यांनी पुढच्या वेळी कोणाच्या नावापुढे कमी गुण लिहिण्याआधी एवढे पाहावे : त्या जागी दुसरा कोणीही असता तर वेगळे झाले असते काय? झाले नसते असे वाटले, तर लेखणी खाली ठेवून डब्याकडे जावे. आणि ज्यांची मुले रात्री अकराला थकून घरी येतात, त्यांनी ‘तू काय चुकलास?’ असे विचारू नये. ‘काम कुठे अडले?’ असे विचारावे. पोराला आपले गाऱ्हाणे मांडायला तेवढी जागा मिळते, आणि कदाचित उद्या सकाळी दहाच्या सभेत तेच वाक्य म्हणायचा धीरही येतो. अस्तु.